गाडी हलवायची नाही: कॅराव्हॅनमधून गुहागरला एक निवांत दिवस

कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्यानं घेऊन पहिल्यांदा कोकणात निघालेली मंडळी बहुतेक वेळा एकच आखणी करतात: रोज नवा किनारा. आज दिवेआगर, उद्या हर्णे, परवा गुहागर, तेरवा गणपतीपुळे. नकाशावर ही ठिकाणं एकमेकांना खेटून दिसतात. रस्त्यावर मात्र मध्ये खाड्या आहेत, फेरीबोटीच्या रांगा आहेत, आणि एका वेळी एकच गाडी जाईल असे उतार आहेत. शिवाय रोज संध्याकाळी सगळं मांडायचं आणि सकाळी सगळं आवरायचं. अशा सहलीत जो गाडी चालवतो त्याला सुट्टी मिळतच नाही. म्हणून निदान एका गावात सलग दोन रात्री राहा आणि मधला अख्खा दिवस किल्लीला हात लावू नका. तो दिवस कसा लावायचा, ते इथं सांगतो. उदाहरणाला गुहागर घेऊ, कारण या कामाला ते गाव फार सोयीचं आहे.

चिपळूणला मुंबई-गोवा महामार्ग सोडला की गुहागर साधारण ४५ किलोमीटर. गाव समुद्राला समांतर, लांबच लांब पसरलेलं. एका अंगाला डोंगर, मधून रस्ता, दुसऱ्या अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यापलीकडे सुरूची झाडं आणि मग पुळण, म्हणजे समुद्राकाठची वाळू. वाडीत मुक्काम मिळाला की समुद्र, देऊळ, किराणा, जेवण सगळं चालत जाण्याच्या अंतरावर येतं. दिवसभर गाडी हलवायची नसेल तर याहून वेगळं काय हवं?

जागा ठरवताना फोनवर काय विचारायचं

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, राज्य पर्यटन महामंडळाच्या (एमटीडीसी) काही निवासांच्या आवारातही चौकशी करता येते. तरी मला घरगुती निवासाचं अंगण जास्त आवडतं. तिथं माणसं असतात, विहीर असते आणि जेवणाची सोय असते. फक्त फोन करताना "गाडी लावायला जागा आहे ना?" एवढंच विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "आहे की, चार गाड्या राहतात" असंच येतं, आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यासमोर चार छोट्या मोटारी असतात.

आधी आपल्या गाडीची लांबी, रुंदी आणि छपरावरच्या एसीसकट उंची मोजून कागदावर लिहा. मग विचारा: रस्त्यापासून अंगणापर्यंतची वाट किती रुंद आहे? दोन्ही बाजूंनी जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे का? त्या वाटेनं भाताचा किंवा चिऱ्यांचा टेम्पो आत येतो का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. फूट-इंचात कुणाला सांगता येत नाही, पण टेम्पो आत येतो की बेड्याशीच (फाटकाशीच) थांबतो हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. वाटेवर विजेची किंवा केबलची तार खाली लोंबते का, तेही विचारून घ्या. अंगण मातीचं आहे की वाळूचं, १५-१६ अँपिअरचा पॉवर प्लग बाहेर मिळेल का, आणि टाकी भरायला पाणी गोडं आहे का, हेही. समुद्राजवळच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं. वापरायला चालतं, चहाला चालत नाही. म्हणून पाइप लावण्याआधी एक घोट चाखून बघावं. एकदा मचूळ पाणी टाकीत गेलं की सगळी टाकी रिकामी करून पुन्हा भरावी लागते.

पैशाचं आधीच बोलून घ्या. तुम्ही खोली घेणार नाही, पण न्हाणीघर, वीज, पाणी वापरणार, याचे किती द्यायचे हे स्पष्ट ठरलं की दोन्हीकडचा संकोच जातो.

तिथी बघा, मग दिवस आखा

घड्याळ नंतर, आधी तिथी. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणातल्या घरांत याचा एक जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळ-संध्याकाळ नऊच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता भरती, बारा वाजता ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दिवस आखायला तेवढं पुरतं. पाण्यात उतरण्यासाठी किंवा होडीसाठी मात्र त्या बंदराचं छापील वेळापत्रक किंवा स्थानिक कोळी बांधव सांगतील तेच धरा.

आता याचा उपयोग बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी असते. डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो. म्हणजे सूर्यास्ताला पुळण सगळ्यात रुंद, ओली वाळू टणक, अनवाणी लांब चालत जायला उत्तम. पोरांना क्रिकेट खेळायलाही तीच वेळ. अष्टमीच्या सुमारास उलट: संध्याकाळी पाणी वर चढलेलं, मग फिरणं सकाळी नऊ-दहाला उरकावं आणि संध्याकाळ नुसती बसून काढावी. पौर्णिमा-अमावास्येची भरती उधाणाची, म्हणजे मोठी. अष्टमीची भांगाची, म्हणजे मवाळ. रत्नागिरीहून खाली मालवणकडे जाल तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो. मुंबईच्या समुद्राची सवय असलेल्यांना तिथं पाणी फारसं हललंच नाही असं वाटतं.

शक्य असेल तर दोन रात्रींचा मुक्काम पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे ठेवा.

गाडी कशी उभी करायची

पोहोचायचं ते उजेडी. चारच्या आत आलात तर घरमालक स्वतः बाहेर येऊन "आणखी मागे, आणखी मागे" करतात. सातनंतर आलात तर अंधारात गडग्याला घासाल.

एक गोष्ट आधीच सांगतो: गाडी पुळणीवर न्यायची नाही. बहुतेक किनाऱ्यांवर वाहनं नेण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. ओहोटीला वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक भासते. तीन टनांचं वजन तिच्यावर थांबलं की चाकाखालचं पाणी वर येतं, चाक फिरवावं तसं खोल जातं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. कोकणात दर हंगामात एखादी मोटार अशी लाटांत सापडते आणि गावकऱ्यांना दोर-ट्रॅक्टर घेऊन धावावं लागतं.

अंगणात दिशा नीट निवडा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं बाजूचं दार डावीकडे असतं. थंडीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून गाडीच्या उत्तरेला दिवसभर सावली मिळते. गुहागरचा समुद्र पश्चिमेला. तेव्हा गाडीचं तोंड पूर्वेला, रस्त्याकडे करा. बाजूचं दार आपोआप उत्तरेला येतं, सावलीत. मागची दारं पश्चिमेला, समुद्राच्या वाऱ्याला. दुपारी ती उघडून बिछान्यावर आडवं पडता येतं, आणि परवा निघताना गाडी उलटी काढावी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा हा हिशोब फारसा लागू होत नाही. जिथं आंब्या-फणसाची दाट सावली मिळेल तिथं उभं राहावं. नारळाखाली मात्र कधीच नाही. वाळलेली झावळ पडली तरी छपरावरच्या सोलर पॅनेलचं काम तमाम, नारळाचं तर बोलायलाच नको.

गाडी सपाट हवी. फोनमधली पातळी दाखवणारी सोय वापरा किंवा ताटात थोडं पाणी घेऊन ओट्यावर ठेवा. ज्या बाजूला पाणी जाईल त्या बाजूच्या चाकाखाली फळी सरकवा. अगदी काटेकोर नको, पण झोपताना डोकं पायांपेक्षा खाली जाणार नाही इतकं बघा, नाहीतर सकाळी सगळेच चिडचिडे उठतात. मग हातब्रेक आणि चाकांना लाकडी ठोकळे.

सकाळी दहापर्यंत कामं, नंतर काही नाही

निवांतपणा आपोआप येत नाही, हे मी ठामपणे सांगतो. टाकी अर्धी, शौचाची कॅसेट (गाडीतल्या शौचालयाखालची काढता येणारी टाकी) भरत आलेली आणि जेवणाचं काही ठरलेलं नाही अशा अवस्थेत खुर्ची टाकून बसलात, तर दर अर्ध्या तासाला कुणीतरी उठतं. म्हणून चहा झाला की सगळी कामं एका दमात.

पहिलं काम जेवण सांगणं. घरगुती खानावळीत आयत्या वेळी जेवण मिळेलच असं नाही. नारळ खवायचा असतो, मासे आणायचे असतात. नऊच्या आत स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन, "काकू, दुपारी चार पानं आहेत, त्यात दोन शाकाहारी," असं सांगून टाका. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्रीच सांगायचं. स्वतःच रांधायची हौस असेल तर कोळणीकडून मासे घेताना कल्ले लाल आहेत का, डोळा उठून दिसतो का, अंग घट्ट आहे का बघा आणि तिथंच साफ करून, तुकड्या पाडून घ्या. गाडीच्या इवल्याशा बेसिनमध्ये खवलं काढण्याचा प्रयोग करू नये. आणि बांगडा गाडीत तळू नका, पडदे आणि गाद्या तो वास परतीपर्यंत सोडत नाहीत. शेगडी बाहेर काढा, पण सुरूच्या झाडांखाली नाही. तिथली वाळलेली पानं काडीपेटीची वाटच बघत असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या समुद्री माशाचा आग्रह धरू नये. तसाही तो कॅराव्हॅनचा हंगाम नाही.

दुसरं काम पाणी. गाडीची टाकी साधारण ऐंशी-शंभर लिटरची असते. समुद्रातून आलेल्या चौघांनी गाडीतल्या शॉवरखाली अंघोळ केली की ती संपली. खारं अंग बाहेर, विहिरीच्या पाण्यानं, बादली-तांब्यानं धुवायचं. टाकीचं पाणी पिण्याला, चहाला, तोंड धुवायला. भांड्यांचं सांडपाणी पुळणीकडे सोडू नका. नारळाच्या आळ्यात ओतू का असं घरमालकांना विचारा, आणि साबण बेतानं वापरला असेल तरच विचारा. कॅसेट रिकामी करायची तर परवानगी घेऊन त्यांच्या शौचालयातच. त्यात निळं रसायन घातलं असेल तर तेही सांगा, कारण ते त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये जाणार असतं.

तिसरं वीज. १२ व्होल्टची, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी साधारण अडीच युनिट वीज धरते. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. म्हणजे बॅटरीवर एसी दोन तास, आणि मग रात्री फ्रिज, पंखा, दिवे सगळं बंद. एसी लावायचाच असेल तर बाहेरचा पॉवर प्लग जोडा, आणि जोडण्याआधी अर्थिंग आहे ना ते सॉकेट टेस्टरनं तपासून घ्या. थंडीत एसीची गरज पडू नये. मागची दारं आणि छपराची खिडकी उघडी ठेवलीत की वारा आरपार जातो. सोलर पॅनेलवर खारट थर बसतो, तो सकाळी ओल्या फडक्यानं पुसावा.

एवढं होईपर्यंत दहा वाजतात. आता गाडीच्या बाजूला गुंडाळलेलं कापडी छत उघडा, खाली चटई अंथरा, आणि दाराशी एक बादली पाणी, एक मग आणि पायपुसणं ठेवा. नियम एकच: पाय धुतल्याशिवाय कुणी आत येणार नाही. वाळू सरकत्या दाराच्या पट्टीत गेली की दार कुरकुरतं, मग अडकतं. एक जुना रंगाचा ब्रश दाराजवळ ठेवलात तर रोज ती पट्टी झाडता येते.

समुद्राशी किती सलगी

गुहागरचा किनारा उघड्या अरबी समुद्राला तोंड देतो. पोटऱ्या-गुडघ्यांपर्यंतचं पाणी मजेचं, त्यापुढे जाऊ नये, पोहता येत असलं तरी. ओहोटी लागलेली असताना तर नाहीच, कारण पाणी आत ओढत असतं. लाटांच्या रांगेत मध्येच एखादा पट्टा शांत, गडद दिसतो. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. बऱ्याचदा तिथूनच पाणी वेगानं आत परतत असतं. त्यात कुणी सापडलं तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नये, किनाऱ्याला समांतर सरकत त्या पट्ट्यातून बाहेर पडावं. जीवरक्षक नसतील तिथं गावातला माणूस जे सांगेल ते अखेरचं. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२.

जेवल्यावर लगेच पाण्यात नाही, आणि दारू घेऊन तर मुळीच नाही.

दुपार

बारा ते चार काहीच करायचं नाही. हे नवख्यांना सगळ्यात कठीण जातं. कुणीतरी फोन काढून म्हणतं, हेदवीचा गणपती जवळच आहे, तिथली बामणघळ, म्हणजे खडकातली घळ, भरतीला बघायची असते, अंजनवेलला गोपाळगड आहे, दीपगृह आहे. सगळं खरं, सगळं बघण्यासारखं. पण आज नाही. हेदवीला जाण्यासाठी ठोकळे काढा, प्लग काढा, छत गुंडाळा, भांडी कोंबा, आणि परत येऊन ते सगळं पुन्हा करा. चैन पडत नसेल तर गावातली रिक्षा करून दोघं जाऊन या, गाडी जागेवर राहू द्या. नाहीतर ऊन उतरल्यावर पायी व्याडेश्वराच्या देवळात जाऊन या. बऱ्याच कोकणस्थ घराण्यांचं ते कुलदैवत. घरातल्या आजींना बरोबर आणलं असेल तर हा कार्यक्रम त्यांनी केव्हाच ठरवून ठेवलेला असतो.

दुपारी वारा बदलतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे असतात, ऊन तापलं की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तीनच्या सुमारास जोर धरतो. बाजूचं छत तेव्हा शिडासारखं फुगतं. दोन्ही खांब दोरीनं जमिनीला बांधलेले हवेत, आणि दोरी ताणून फडफड आवाज यायला लागला की वेळ न घालवता गुंडाळून टाका. छत उघडं ठेवून सगळे समुद्रावर गेले, असं कधी होऊ देऊ नका. वाळत घातलेले कपडे सूर्य बुडण्याआधी आत घ्या. खाऱ्या हवेत रात्री ते पुन्हा दमट होतात.

संध्याकाळ आणि रात्र

समुद्रावर निघण्यापूर्वी, साडेपाचलाच, सगळ्या जाळ्या लावून दारं बंद करा. पोफळीच्या बागेत शिंपण असतं, ओलावा असतो, आणि दिवेलागणीला डास बाहेर पडतात. एकदा आत शिरले की एवढ्या छोट्या जागेत रात्रभर त्यांचंच राज्य.

बाहेरचे दिवे मात्र नीट विचार करून लावा. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. वनविभाग आणि गावातली कासवमित्र मंडळी ती जाळीच्या कुंपणात जपतात आणि पुढे पिल्लं समुद्रात सोडतात. मादी उजेड दिसला तर न येताच परतते, आणि पिल्लं उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे चालतात, मग तो उजेड चंद्राचा असो की तुमच्या छताखालच्या एलईडीच्या माळेचा. म्हणून समुद्राच्या बाजूचे दिवे बंद, पडदे ओढलेले. पिल्लं सोडताना बघायला मिळणार असेल तर दोरीच्या बाहेर उभं राहायचं, फ्लॅश नाही, हात लावायचा नाही. गावाला शांतता हवी असते, तेव्हा स्पीकरही नको. अंगणात जेवणानंतर घरमालक गप्पा मारायला येऊन बसतात, त्यात पुढच्या रस्त्याची जी माहिती मिळते ती कुठल्याही नकाशात नसते: कुठला पूल अरुंद आहे, कुठं काम चालू आहे, कुठल्या घाटीत एसटी समोर आली तर कोण मागे घेतं.

झोपताना गॅसचा कॉक बंद करा आणि एक खिडकी बोटभर तरी उघडी ठेवा.

निघायच्या सकाळी

छत दंवानं भिजलेलं असेल तर ओलं गुंडाळू नका, बुरशी धरते. अर्धा तास उन्हात ताणून ठेवा, तोवर गोड्या पाण्यानं गाडीचा खालचा भाग आणि चाकांच्या कमानी धुऊन घ्या. लोखंड खाणारं मीठ तिथंच जास्त बसतं. प्लग काढला का, पाइप काढला का, पायरी आत घेतली का, ठोकळे उचलले का, आणि कपाटांच्या कड्या लागल्या का, हे एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं हात लावून बघायचं.

उत्तरेला दापोलीकडे जायचं असेल तर धोपावे-दाभोळ फेरीबोट वाशिष्ठीची खाडी पार करून देते. दक्षिणेला गणपतीपुळ्याकडे जायचं असेल तर तवसाळ-जयगड. दोन्हीकडे मोठा वळसा वाचतो. मागचा भाग लांब असलेली गाडी बोटीच्या फळीवर चढताना बंपर घासू शकतो, म्हणून रांगेत लागल्यावर बोटीवरच्या माणसांना गाडी दाखवून विचारा. पूर्ण ओहोटीला जेटीचा खालचा, शेवाळलेला उतार उघडा पडतो आणि चाकं घसरतात. तेव्हा त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करा आणि भरतीच्या आसपासची फेरी धरा. बोटीवर गॅसची टाकी बंद, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हातब्रेक ओढलेला. आणि माणसांनी खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं.